डॉड स्लेटरचे निरोप

पोर्टस्कर गावाने डॉड स्लेटरला पहिला निरोप दिला तो सव्वीस जानेवारीच्या शुक्रवारी, आणि तो इतका परिपूर्ण होता की त्यानंतर त्या माणसाने गावात दिसणे हाच एक अविनय ठरावा.

मच्छीमारांच्या सभागृहात दीडशे माणसे जमली होती. सूप झाले, मटण झाले, व्हिस्की सुरू झाली होती आणि ती संपण्याची चिन्हे नव्हती. फुटबॉल क्लबचे अध्यक्ष गिब हे व्यवसायाने खाटीक. नेमके कुठे कापावे हे त्यांना दुकानात कळते, भाषणात कळत नाही. ते चाळीस मिनिटे बोलले.

“बावीस वर्षं,” ते म्हणाले, “बावीस वर्षं हा माणूस आपल्या गोलसमोर दीपस्तंभासारखा उभा राहिला.”

“खरंय,” मागून कोणीतरी म्हणाले. “जागचा हललाच नाही कधी.”

हशा ओसरल्यावर गिब यांनी डोळे पुसले आणि क्लबतर्फे डॉडला एक वायुभारमापक भेट दिला. अक्रोडाच्या लाकडात बसवलेला, पितळी काट्याचा, ‘वादळ’पासून ‘निरभ्र’पर्यंतचे सगळे आकाश एका तबकडीवर मांडणारा. आधी घड्याळ देण्याचा विचार होता. पण जाणाऱ्याला घड्याळ देणे म्हणजे त्याला घाई करणे, असे कार्यकारिणीचे मत पडले. हवामानाची आठवण करून देणारी वस्तू त्या मानाने निरुपद्रवी वाटली.

मी त्या क्लबचा चिटणीस. शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून सारे गाव मला मास्तर म्हणते. डॉड त्या वेळी एक्केचाळीस वर्षांचा होता. धक्क्यावरच्या शेडमध्ये तो माशांची लाकडी खोकी ठोकायचा, आणि त्याच्या बोटांकडे पाहिले की खिळा कुठे संपतो आणि नख कुठे सुरू होते हे कळत नसे. त्याची बायको एल्सपेथ हिची बहीण कॅनडात, ओंटारिओमध्ये राहत होती. तिथल्या एका कारखान्यात डॉडसाठी जागा ठरली होती, तीही खोकी ठोकण्याचीच. विमानाची तिकिटे आठ मार्चची. घर विकले गेले होते आणि एक फेब्रुवारीला किल्ल्या द्यायच्या होत्या.

त्याआधी एकच गोष्ट उरली होती. सत्तावीस जानेवारीचा, शनिवारचा सामना.

आमचा क्लब सत्तर वर्षांच्या आयुष्यात राष्ट्रीय कपच्या तिसऱ्या फेरीत कधी पोहोचला नव्हता. त्या साली पोहोचला. पहिल्या फेरीतला गोल आमच्या नळदुरुस्ती करणाऱ्या सेंटर-फॉरवर्डच्या पाठीला चेंडू लागून झाला, तेव्हा तो बुटाची नाडी बांधत होता. दुसऱ्या फेरीत वादळी वाऱ्याने प्रतिपक्षाचाच चेंडू त्यांच्याच जाळ्यात परत नेऊन ठेवला. तिसऱ्या फेरीच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या सोमवारी दुपारी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत होतो. ‘पोर्टस्कर थिसल विरुद्ध क्लाइडहोम’ हे शब्द आले तेव्हा डॉडने कप खाली ठेवला आणि हात पँटला पुसले, जणू कोणी आत येऊन हस्तांदोलन करणार होते.

“रॅटरे,” तो एवढेच म्हणाला.

कॅलम रॅटरे हा ग्लासगोच्या क्लाइडहोमचा सर्वांत महागडा खेळाडू. तीन वर्षांत त्याने एकही पेनल्टी चुकवली नव्हती. सलग एकतीस.

“एकदाच, मास्तर,” डॉड म्हणाला. “एकदा तसल्या टीमसमोर उभं राहायचंय. मग कॅनडात मरेपर्यंत खोकी ठोकतो, तक्रार नाही करणार.”

सत्तावीस जानेवारी ते आठ मार्च. गिब यांनी बोटांवर मोजले. “चाळीस दिवस हातात आहेत,” ते म्हणाले. “नोहाचा पाऊससुद्धा तेवढ्यात आटोपला होता.”

निरोपाच्या रात्री बर्फ पडले. सकाळी मैदान पाहिले तेव्हा ते मैदान राहिले नव्हते. कुणीही काही लिहू धजणार नाही असा एक कोरा, कठोर कागद होता तो.

दहा वाजता एल्गिनहून पंच आले. लॉकहार्ट हे उंच, सडपातळ, विमा कंपनीत काम करणारे गृहस्थ. मैदानाची तपासणी हा आमच्याकडे जवळजवळ धार्मिक विधी असतो. पंच पुढे चालतात, काखेत चेंडू. मागून अध्यक्ष, मग चिटणीस, मग मैदान सांभाळणारा आयकी फावडे घेऊन, आणि शेवटी उरलेली कार्यकारिणी, टोप्या हातात, कुणी बोलत नाही. पंच पेनल्टीच्या ठिपक्यापाशी थांबतात, चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडतात. मग बुटाची टाच जमिनीत रोवून पाहतात. लॉकहार्ट यांचा चेंडू त्यांच्या छातीपर्यंत उसळून परत आला. टाच रोवली गेली नाही. नुसता आवाज आला, दगडावर आपटल्यासारखा.

“नाही,” ते म्हणाले. “बुधवारी पाहू.”

मग सगळे चहाच्या टपरीत गेले आणि बार्लीचे गरम सूप प्याले. पंचांना सूप आवडले. सात मार्चपर्यंत ते बारा वेळा आले, आणि दुसऱ्या महिन्यात त्यांनी पँटचा पट्टा एक भोक पुढे घेतलेला मी पाहिला.

बुधवारच्या सामन्यासाठी मंगळवारी दुसरा निरोप झाला. गिब पंधरा मिनिटे बोलले. दीपस्तंभ होताच, पण या वेळी लाटा गाळल्या होत्या. बुधवारी सामना झाला नाही. तिसरा निरोप शुक्रवारी, चार मिनिटांचा. शनिवारी सामना झाला नाही. सातव्या निरोपाला गिब उभे राहिले, ग्लास उचलला, म्हणाले, “डॉड... दीपस्तंभ वगैरे. तुम्हाला माहितीच आहे,” आणि बसले. नवव्या निरोपापासून सभागृह ठेवणे परवडेना, म्हणून निरोप त्यांच्या दुकानात, सॉसेज बांधता बांधता झाला.

दुःख ही फार दिवस ताजी राहणारी गोष्ट नाही, हे मला त्या फेब्रुवारीत कळले. बेकरीवाल्या मिसेस इनिस पहिल्या खेपेला डॉडच्या गळ्यात पडून हुंदके देत रडल्या होत्या. पंधरा तारखेला तो पाव घ्यायला गेला.

“अजून इथेच का?” त्यांनी विचारले.

“शनिवारपर्यंत.”

“बघ डॉड, मी तुझ्यासाठी रडले तेव्हा माझी एक अख्खी भट्टी करपली. परत परत नाही जमणार मला ते.”

“रडू नका. पाव द्या.”

“शिळा चालेल? जाणाऱ्या माणसाला ताजा कशाला.”

रस्त्यात लोक त्याला पाहून पलीकडच्या फुटपाथवर जाऊ लागले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. बोलण्यासारखे सगळे बोलून झाले होते एवढेच. ज्याच्यासाठी शोक करून झाला आहे तो माणूस समोरून मासळीची पिशवी घेऊन येतो तेव्हा त्याला काय म्हणावे, याचा शिष्टाचार अजून कुणी घालून दिलेला नाही.

एक फेब्रुवारीपासून ते दोघे माझ्या वरच्या खोलीत राहत होते. सामान लाकडी पेटीत बंद होऊन एकोणतीस जानेवारीला जहाजाने पुढे गेले होते. उरल्या दोन सुटकेसी आणि तो वायुभारमापक, कारण भेटवस्तू हातात न्यावी असे डॉडचे मत. रोज सकाळी तो जिना उतरून यायचा, काचेवर बोटाने टकटक करायचा, काटा ‘बदलते’ आणि ‘पाऊस’ यांच्यामध्ये थरथरायचा, आणि डॉड म्हणायचा, “हालतोय.” मग बाहेर बर्फ पडायचे.

पेटी गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला आठवले की गोलकीपरचे हातमोजे पेटीत आहेत.

“तू बांधलेस ते?” त्याने विचारले.

“यादीत होते,” एल्सपेथ म्हणाली. ती विणत बसली होती. कमी बोलणारी बाई, पण बोलली की वाक्याला गाठ मारूनच सोडायची. “सामना शनिवारी होता. पेटी सोमवारी गेली. यादी मी पाळली, सामना तुम्ही नाही पाळला.”

“आता खेळू कशाने?”

तिने सुया थांबवल्या नाहीत. “हे काय करतेय असं वाटतंय तुला? चहाच्या किटलीला टोपरं?”

ते करड्या लोकरीचे, दुहेरी विणीचे, खलाशी वापरतात तसले हातमोजे होते.

जेवणानंतर डॉड स्वयंपाकघराच्या टेबलावर सामना मांडायचा. मिठाची कुपी म्हणजे रॅटरे, मिरपूड म्हणजे पंच, लोण्याची बशी म्हणजे गोल. सामन्याची पुस्तिका आम्ही जानेवारीत सहाशे प्रती छापून घेतली होती. नव्याने छापणे शक्य नसल्यामुळे मी दर खेपेला मुखपृष्ठावरची तारीख शाईने खोडून वर नवी लिहीत होतो. त्या पुस्तिकेतली क्लाइडहोमची छायाचित्रे डॉडला देवळातल्या रंगीत काचांइतकी पाठ झाली होती. त्यांच्या ब्रॉडी नावाच्या गोलकीपरला भरघोस लाल मिशा होत्या, उजवीकडे जरा जास्त झुकलेल्या. “हा माणूस उजव्या कुशीवर झोपतो,” डॉड म्हणायचा. पण त्याचा खरा अभ्यास होता रॅटरेचा. पेनल्टी मिळाली तर रॅटरे कोणत्या बाजूला मारील? दहा दिवस तो डावीकडे म्हणत होता, मग आठवडाभर मधे. फेब्रुवारीच्या शेवटी निष्कर्ष निघाला.

“उजवीकडे. माझ्या उजवीकडे. डोळे मिटून तिकडेच झेपावणार.”

“आणि नाही आली तर?” एल्सपेथने विचारले.

“महिनाभराचा विचार आहे त्यात.”

“तेवढ्यात मी तीन स्वेटर केले.”

इकडे आयकी मैदानाशी लढत होता. त्याने पेंढा अंथरला, तो गोठला. कोळशाच्या शेगड्या लावल्या, त्यांच्या खाली गोल खळगी पडून त्यांत बर्फ झाले. एका सकाळी तो बायकोचे केस वाळवण्याचे यंत्र घेऊन पेनल्टीच्या ठिपक्यावर गुडघे टेकून बसलेला दिसला. शेवटी त्याने मासळी खारवण्याच्या आवारातून मीठ आणले, चौदा पोती. मीठ जुने होते, आणि त्याला चार मोसमांच्या हेरिंग माशांचा वास होता. दुसऱ्या दिवशी लॉकहार्ट तपासणीला आले तेव्हा पोर्टस्करच्या आकाशातले सगळे समुद्रपक्षी मैदानात उतरले होते, तीनशे तरी असावेत, आणि एकही हटायला तयार नव्हता. आमची मिरवणूक त्यांच्यामधून वाट काढत गेली. पंचांनी चेंडू सोडला. तो उसळला नाही. एका पक्ष्याच्या पाठीवर पडला.

“नाही,” लॉकहार्ट म्हणाले. “आज सूप कसलं आहे?”

तीन मार्चचा, अकराव्या वेळचा, सामनाही गेला. आता सात मार्चचा बुधवार तेवढा उरला. चाळिसावा दिवस. बुधवारी दुपारी आमच्याकडे दुकाने अर्धा दिवस बंद असतात, आणि मैदानात दिवे नसल्यामुळे सामना दुपारीच व्हायला हवा. गुरुवारी सकाळी साडेसातच्या बसने डॉड आणि एल्सपेथ विमानतळाकडे निघणार होते. मंगळवारी निरोप झाला नाही. कुणाच्या लक्षातच आले नाही.

मंगळवारी रात्री वारा फिरला आणि बर्फ वितळले.

बुधवारी सकाळी लॉकहार्ट यांची टाच जमिनीत दोन इंच रुतली. ते बराच वेळ त्या खड्ड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “खेळू.” आयकी फावड्यावर रेलला आणि त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. तो रडतो आहे हे आम्हाला कळू नये म्हणून आम्ही सूप प्यायला गेलो.

एकाच गोष्टीचा हिशेब कुणी केला नव्हता. गोठलेल्या समुद्रकाठावर उबदार वारा आला की धुके येते. भूगोलाच्या शिक्षकाला हे ठाऊक असायला हवे होते. मला ठाऊक होते. मी बोललो नाही.

अडीच वाजता सामना सुरू झाला तेव्हा बंदरातल्या डोलकाठ्यांची टोके दिसत नव्हती, पण दोन्ही गोल दिसत होते. विसाव्या मिनिटाला आमच्या नळवाल्याने, या खेपेला जाणूनबुजून, गोल केला. पोर्टस्कर एक, क्लाइडहोम शून्य. दोन हजार माणसे एका क्षणासाठी गप्प झाली, कारण आनंदाची आपल्याकडे सोय नाही हे प्रत्येकाला एकदमच जाणवले. मग जो आवाज उठला त्याने आयकीच्या पेंढ्यात लपलेला शेवटचा समुद्रपक्षीही उडून गेला.

मध्यंतरानंतर धुके मैदानात उतरले. ते कुठून आले असे म्हणता येत नव्हते. वस्तूंमधूनच ते पाझरत होते, खांबांतून, माणसांच्या कोटांतून, श्वासांतून. मी आमच्या गोलमागे उभा होतो. मला डॉड दिसत होता, पेनल्टीचा ठिपका दिसत होता, त्यापलीकडे सावल्या. गिब यांनी कडेच्या रेषेवर दहा-दहा पावलांवर एकेक माणूस उभा केला. एका टोकाला घडेल ते तोंडातोंडी दुसऱ्या टोकाला जायचे. स्वतः गिब मध्यभागी, चहाच्या टपरीसमोर, उभे राहिले.

अडुसष्टाव्या मिनिटाला आमच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला. शिट्टी वाजली. लॉकहार्ट धुक्यातून बाहेर आले आणि त्यांनी ठिपक्याकडे बोट दाखवले. त्यांच्या मागून रॅटरे आला. छायाचित्रापेक्षा तो बुटका होता आणि त्याला सर्दी झाली होती. त्याने चेंडू ठेवला, नाक पुसले, चार पावले मागे गेला, आणि धुक्याने त्याला अर्धे पुसून टाकले.

डॉडने करड्या लोकरीचे हात एकदा एकमेकांवर आपटले.

एल्सपेथच्या तीन स्वेटरांइतका, अकरा निरोपांइतका विचार त्या क्षणी त्याच्या डाव्या पायाच्या मागे उभा होता. त्याने उजवीकडे झेप घेण्यासाठी डावा पाय रोवला. तो पाय आयकीच्या मीठ-पेंढ्याच्या चिखलात सरकला, आणि डॉड स्लेटर, कापलेल्या झाडासारखा, सबंधच्या सबंध डावीकडे कोसळला. चेंडू तिथेच आला. लोकरीच्या मनगटाला लागून तो वर उडाला, खांबावर आपटला आणि जमिनीवर पडलेल्या माणसाच्या छातीवर मांजरासारखा येऊन बसला. डॉडने त्याला दोन्ही हातांनी धरले आणि उठण्याची घाई केली नाही.

दोन हजार माणसांनी फक्त दोन ठोके ऐकले.

“काय झालं?” रेषेवरच्या पहिल्या माणसाने मला विचारले.

“अडवली,” मी म्हणालो.

“अडवली,” तो पुढच्याला म्हणाला, आणि तो शब्द धुक्यातून रेषेवरून चालत गेला, अडवली, अडवली, आणि तो पोहोचेल तिथे तिथे आरडाओरड पेटत गेली. पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या नळवाल्याला तो कळला तेव्हा तीन मिनिटे उलटली होती, आणि तो एकटाच, चेंडूपासून ऐंशी यार्डांवर, नाचला.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला क्लाइडहोमच्या व्यवस्थापकाने पंचांना गाठले. “हे फुटबॉल नाही, हे आंधळी कोशिंबीर आहे. सोडून द्या सामना.” नियम असा की मध्यभागी उभे राहिल्यावर पंचांना दोन्ही गोल दिसायला हवेत. लॉकहार्ट मध्यभागी उभे राहिले. त्यांना स्वतःचे बूट दिसत होते. पण ते बारा वेळा आले होते, आमचे सूप त्यांनी घागरीने प्याले होते, आणि बाराच मिनिटे उरली होती. ते डॉडकडे चालत आले, मला ऐकू येईल इतक्या जवळ.

“स्लेटर,” ते म्हणाले, “माझे डोळे सकाळपासून पाणावतायत. तुम्हाला दिसतोय का समोरचा गोल?”

“दिसतो की, साहेब.”

“नक्की?”

“दोन खांब, वर एक आडवा. चांगला रंगवलाय.”

लॉकहार्ट यांनी मान हलवली. एवढ्यावर ते थांबले असते. मला अजूनही वाटते की ते थांबले असते, वळले असते आणि शिट्टी वाजवून खेळ पुढे चालू केला असता. पण बावीस वर्षे एका जागी उभा राहिलेला माणूस संधी मिळाली की एक पाऊल जास्तच टाकतो.

“गोलकीपरपण दिसतो,” डॉड म्हणाला. “कंबरेवर हात ठेवून उभाय.”

“असं?”

“लाल मिशा. उजवीकडे जरा झुकल्यात.”

लॉकहार्ट यांनी त्याच्याकडे पाहिले. फार वेळ, फार मायेने पाहिले.

“ब्रॉडीचं मनगट मोडलं,” ते म्हणाले. “अर्धा तास झाला असेल, मध्यंतरानंतर लगेच. मीच त्याला बाहेर पाठवला. गोलमध्ये त्यांचा लेफ्ट-बॅक उभा आहे, स्लेटर. त्याला मिशा नाहीत. केसही नाहीत.”

ही बातमी पलीकडच्या टोकाहून रेषेवर निघाली होती, असे नंतर कळले. पाच माणसांनी ती इमानाने पुढे दिली. सहावे गिब. गिब त्या वेळी टपरीत सूप पीत होते.

लॉकहार्ट यांनी शिट्टी ओठांशी नेली आणि जरा थांबले, जणू काही धुके एवढ्यात निवळेल. मग तीनदा वाजवली.

अर्धवट सोडलेला सामना कपच्या नियमांत घडलेला नसतो. तो पुन्हा पहिल्यापासून, शून्य-शून्यवर, खेळायचा. नवी तारीख तिथल्या तिथे ठरली. दहा मार्च, शनिवार. मी कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर उभा राहून ती पुस्तिकेवर शाईने लिहीत होतो तेव्हा रॅटरे आला, गळ्यात मफलर, नाक लाल.

“तुम्हीच चिटणीस ना? म्हणजे हा सामना नोंदीत जात नाही?”

“नाही.”

“त्यातलं काहीच जात नाही?”

“काहीच नाही.”

त्याने इकडेतिकडे पाहिले. “मग पेनल्टीपण झालीच नाही.”

“कागदावर नाही.”

दारात डॉड उभा होता, ओले हातमोजे पिळत. रॅटरे त्याच्याजवळ गेला.

“तुला कसं कळलं मी तिकडे मारणार?” त्याने विचारले. “मी नेहमी दुसरीकडे मारतो. आयत्या वेळी पाय घसरला माझा.”

डॉडने माझ्याकडे पाहिले. मी पुस्तिकेकडे पाहिले.

“माझाही घसरला,” डॉड म्हणाला.

रॅटरे शिंकेपर्यंत हसला. “कुणाला सांगणार नाहीस ना? सलग एकतीस आहेत माझ्या.”

“उद्या कॅनडाला चाललोय. तिथं सांगणार कुणाला?”

“शब्द?”

“शब्द,” म्हणून डॉडने पिळलेला हातमोजा काढून हात पुढे केला.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात लोण्याची बशी लोण्यासाठी वापरली गेली. एल्सपेथ हातमोजे चुलीपाशी वाळत घालत होती. पाठ आमच्याकडे ठेवूनच ती म्हणाली, “तिकिटं बदलून मिळतात. मागच्या आठवड्यात फोन करून विचारलंय मी. पुढच्या गुरुवारची आहेत.”

शनिवार, दहा मार्च. वायुभारमापकाचा काटा ‘निरभ्र’कडे सरकत होता. डॉड उठला, काचेवर टकटक केली, परत येऊन बसला.

“नको,” तो म्हणाला.

“नीट विचार कर. नंतर कॅनडात तोंड पाडून बसशील.”

“एकदा उभं राहायचं होतं, राहिलो.” त्याने मिठाची कुपी बाजूला सारली. “शनिवारी गेलो तर तो त्याच्या नेहमीच्या बाजूला मारील. आणि माझा पाय नाही घसरणार. मग त्याच्या एकतिसांचं काय व्हायचं?”

एल्सपेथने हातमोजे उलटे केले. “बरं,” ती म्हणाली. “मग झोप. साडेसातची बस आहे.”

बसथांब्यावर कुणी नव्हते. सगळ्यांचे निरोप कधीच देऊन झाले होते. सात वीसला गिब आले, दुकानाच्या एप्रनमध्ये, कागदात बांधलेले सॉसेज घेऊन. टपरीतल्या सुपाची शरम अजून त्यांच्या चेहऱ्यावर होती. त्यांनी तोंड उघडले. मला वाटले, दीपस्तंभ येणार. पण त्यांनी नुसते डॉडच्या खांद्यावर हात ठेवला आणि बस येईपर्यंत तो तिथून काढला नाही. अकरा निरोपांत हाच काय तो नीट जमला, आणि हा बारावा होता.

शनिवारी लख्ख ऊन पडले. आमच्या गोलमध्ये पोस्टमन उभा होता, आणि आम्ही चार-शून्यने हरलो. त्यातला एक गोल पेनल्टीवर झाला. सोमवारच्या वर्तमानपत्राने लिहिले: रॅटरेची सलग बत्तिसावी, तीन वर्षांत एकाही गोलकीपरला त्याची पेनल्टी अडवता आलेली नाही. मी ते कात्रण ओंटारिओला पाठवले.

जूनमध्ये पत्र आले. कारखाना बरा आहे, डॉडने लिहिले होते. लाकूड मऊ आहे, मासे गोड्या पाण्याचे. ते गाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे, त्यामुळे वायुभारमापक कायम ‘वादळ’ दाखवतो. मागचा स्क्रू फिरवला की दुरुस्त होतो हे त्याला माहीत आहे, पण सवय झाली आहे. कात्रण त्याने काचेत बसवून त्याच्या शेजारीच टांगले आहे. पाहुणे विचारतात, हा कोण? “मी म्हणतो, ओळखीचा आहे. आणि बातमीत एक चूक आहे. कोणती ते मात्र सांगत नाही, मास्तर. शब्द दिलाय.”

खाली एल्सपेथच्या बारीक अक्षरात एक ओळ होती.

“सांगत नाही हे खरं. पण दिवाणखान्यात उडी मारून दाखवतो. दर वेळी डावीकडे, आणि न घसरता.”